वाचतोयस ना, यतीश?

जलजाक्षी सालियानने लिडविनला भर बाजारात चहाडखोर म्हटलं, तेव्हा लिडविनच्या हातात अर्धवट गुंफलेला मोगरा होता. मलपे बंदरात त्या सकाळी बांगडा उदंड आला होता, सगळा गाव बाजारात लोटला होता. एवढ्या कलकलाटातही जलजाक्षीचा आवाज पार बर्फाच्या गाड्यांपर्यंत पोहोचला.

"तुझ्या पोटात काही राहत नाही, लिडविन बाय, हे मला आधी कळायला हवं होतं."

"अगं, पण मी केलं काय?" लिडविन उभी राहिली. मांडीवरच्या कळ्या सगळ्या खाली सांडल्या.

"काय केलं? ते नाव तुझ्याशिवाय मी कुणाला सांगितलं होतं? माझा भाऊ काल सगळ्यांच्या पंगतीत मला त्या नावानं हाक मारतो, आणि तू मलाच विचारतेस काय केलं म्हणून?"

लिडविनने क्रूसाची शपथ घेतली. जलजाक्षी म्हणाली, "तुझा क्रूस तुझ्याजवळ ठेव," आणि पाठ फिरवून निघून गेली. शाळेपासूनची मैत्री अशी माशांच्या टोपल्यांमध्ये तुटली.

त्या नावाची हकीकत साधी होती. जलजाक्षीचा नवरा दामोदर वादळात होडीसकट बुडाला, त्याला बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. ती बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कारकून होती. एका वर्षी कारखान्याच्या मालकाने नवस फेडायला यक्षगानाचा खेळ ठेवला, आणि मेळ्याच्या जेवणाखाण्याची व्यवस्था तिच्याकडे आली. त्या मेळ्यात सीताराम देवाडिगा मृदंगासारखं मद्दळे वाजवायचा. विधुर माणूस, कोटा गावाच्या बाजूचा, बोलायला मऊ. भात किती माणसांचा, ताक हवं का, एवढ्यापुरता तिचा नंबर त्याच्याकडे गेला. खेळ संपला, मेळा पुढच्या गावाला गेला, पण निरोप थांबले नाहीत. तो वर्षातले सहा महिने भटकत असायचा, ती बंदर सोडून सहसा कुठे जायची नाही. दोघांच्या भेटीची जागा म्हणजे तो हातातला फोन. ती बर्फाच्या कारखान्यातली म्हणून तो तिला 'मंजू' म्हणायचा. कानडीत बर्फाला, दवाला तोच शब्द. कुणी लाडाने हाक मारावी असं वय राहिलं नाही, असं तिला वाटायचं. म्हणून की काय, ती हाक तिने जिवापाड जपली होती. फक्त एकदा, मोगऱ्याच्या ताटव्यात बसून, हसत हसत लिडविनला सांगितली होती.

आणि नागपंचमीला, मूळ घरी सगळं कुळ जमलेलं असताना, धाकटा भाऊ यतीश पानावर बसल्या बसल्या म्हणाला, "मंजूबाई, जरा सार वाढा की इकडे."

बाकीचे हसले. तिच्या हातातला डाव सारात बुडाला.

मोगवीरांत, म्हणजे इथल्या कोळ्यांत, घर बाईचं, मुलं बाईच्या कुळाची. पण त्या घरात कुणी काय बोलायचं हे भावाने ठरवायचं, अशी जुनी रीत. यतीशचं बंदरावर होडीच्या इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. बहिणीला विजेचं बिल आलं की तोच भरून टाकायचा, गॅसची टाकी तोच सांगायचा. तिला नवा फोन घेऊन दिला तोही त्यानेच. "दे इकडे अक्का, तुला यातलं काय कळणार! मी सगळं घालून देतो," म्हणत दिवसभर दुकानात ठेवून घेतला होता. तिने वर त्याला घरी बोलावून कोरी रोट्टीचं, म्हणजे कोंबडीचा रस्सा आणि तांदळाच्या कुरकुरीत रोट्टीचं, जेवण घातलं होतं.

बाजारातल्या भांडणानंतर तिने लिडविनचं तोंड पाहिलं नाही. पण गोष्टी फुटायच्या थांबल्या नाहीत. ती कुणाला न सांगता कोटाला जाऊन आली, तर यतीशने दुसऱ्या दिवशी विचारलं, "बसला गर्दी होती का गं?" तिने बाईडॉक्टरांना रक्तस्रावाचे रिपोर्ट पाठवले, तर यतीशची बायको शोभलता म्हणाली, "या वयात सारखं तपासून घ्यायची काय हौस!" दर वेळी जलजाक्षीच्या मनात लिडविनच यायची. लिडविनला हे कुठून कळणार, असा प्रश्न तिने स्वतःला विचारलाच नाही. एकदा एखाद्यावर राग बसला की तो किल्लीसारखा सगळ्या कुलपांना लागू पडतो.

मग भजनमंदिराचा वार्षिक दिवस आला. समुद्राने नेलेल्या माणसांच्या तसबिरी तिथे ओळीने लावलेल्या असतात आणि त्या दिवशी त्यांना हार घालतात. दामोदरच्या तसबिरीला हार घालून जलजाक्षी मागे वळली, तर शोभलता बाजूच्या बाईला सांगत होती. आवाज हळू, पण इतकाही हळू नाही.

"मेलेला माणूस काही उठून उत्तर द्यायला येत नाही ना? मग सांगा दोरखंडाच्या गोष्टी! देवमाणसाची बदनामी करायला लाज वाटत नाही लोकांना."

जलजाक्षी तशीच बाहेर पायरीवर आली.

दोरखंडाची गोष्ट लिडविनलाही माहीत नव्हती. ती कुणालाच माहीत नव्हती. दामोदर दारू पिऊन ओल्या दोरखंडाने मारायचा, पाठीवर, कपड्याखाली दिसणार नाही अशा जागी. हे तिने सगळं आयुष्य गिळलं होतं. समुद्रात गेलेल्या माणसाबद्दल बंदरावर कुणी वाईट बोलत नाही. फक्त एकदा, कारखान्याच्या मागे, बर्फ फोडायचं यंत्र घरघरत असताना, कुणाला ऐकू जाणार नाही अशी खात्री करून, तिने फोन तोंडाजवळ धरला आणि ऑडिओ निरोपात सीतारामला सगळं सांगितलं. रडत सांगितलं. त्या ऑडिओनंतर तिला पहिल्यांदा हलकं वाटलं होतं.

म्हणजे सीताराम! मंदिराच्या पायरीवरूनच तिने त्याला फोन लावला.

"कुणाला ऐकवलंत? मेळ्यात सगळ्यांना मजा वाटली असेल ना माझं रडणं?"

"मंजू, काय बोलतेस हे?"

"मंजू म्हणू नका मला!"

मग सीताराम म्हणाला, "तो ऑडिओ मी स्वतःसुद्धा दुसऱ्यांदा लावला नाही. लावू शकलो नाही. तुला माझ्यावर विश्वास नसेल तर नसो, पण मग हे तिसऱ्या कुणाकडून तरी गेलंय. ते शोध."

ती फोन ठेवून घरी आली. विश्वास बसला नाही, पण 'तिसरं कुणीतरी' हे शब्द डोक्यात रुतून बसले.

उलगडा झाला तो कारखान्यात, तोही अगदी सहज. हिशेब पाहणारी हर्षिणी आपल्या संगणकावर काही टाइप करत होती आणि जलजाक्षीला पडद्यावर ओळखीची हिरवी चौकट दिसली. "हे तर व्हॉट्सॲप! संगणकावर कसं आलं तुझं?"

"जोडून घेतलंय. फोनमधून एकदा पडद्यावरच्या त्या ठिपक्यांच्या चौकोनावर कॅमेरा धरला की झालं. सगळे मेसेज इथे येतात."

"आणि फोन?"

"फोन घरी राहिला तरी चालतो, अक्का. परवा विसरले होते ना मी! दिवसभर इथूनच तर बोलत होते."

जलजाक्षी खुर्ची ओढून बसली. "म्हणजे कुणी एकदा माझा फोन घेऊन हे जोडलं, तर..."

हर्षिणीने टाइप करणं थांबवलं. तिच्याकडे नीट पाहिलं. मग काही न विचारता म्हणाली, "फोन काढा. कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा. 'लिंक केलेली उपकरणं' असं दिसतंय? ते उघडा."

तिने उघडलं. एकच ओळ होती. एक संगणक. खाली लिहिलं होतं: शेवटचा वापर, आज.

"तुमच्याकडे संगणक आहे, अक्का?"

"नाही," जलजाक्षी म्हणाली. "माझ्या भावाच्या दुकानात आहे."

तिला आठवू लागलं ते सीतारामचं नव्हतं. आठवत होती बाईडॉक्टरांना लिहिलेली वाक्यं. शेजारणीच्या मुलीने आपल्या लग्नाबद्दल विश्वासाने लिहिलेलं. झोप येत नाही म्हणून सीतारामला पाठवलेली, आता आठवूनही लाज वाटावी अशी एक ओळ. ते सगळं त्या तेलकट काउंटरवर, इंजिनाच्या वॉशरांच्या शेजारी, यतीशच्या डोळ्यांसमोर उघडं पडलं होतं. नवा फोन हातात आल्या दिवसापासून. ती स्वतःच्या घरात दाराला कडी लावून बोलत होती आणि भिंतच नव्हती!

"काढून टाका लगेच," हर्षिणी म्हणाली. "थांबा, आधी या पडद्याचा फोटो घेऊन ठेवा. उद्या ते नाही म्हणतील. आणि ईमेलचा पासवर्ड कुणी घातलाय? तोही त्यांनीच? मग तुम्ही कुठे जाता-येता हेही त्यांना दिसत असणार."

कोटाची बस. जलजाक्षीने फोटो घेतला. संगणक मात्र काढून टाकला नाही. तिने सीतारामची चौकट उघडली आणि लिहिलं: "सीताराम, हा निरोप तुम्हाला नाही." मग त्याखाली: "यतीश, वाचतोयस ना? तिथेच बस. मी येतेय."

आणि ती निघाली. भर दुपार होती, धक्क्यावर जाळी वाळत पडली होती. ती त्यांच्यावरून तशीच चालत गेली. एरवी कोळ्याच्या पोरीने जाळ्यावर पाय दिला तर आई पाठीत धपाटा घालायची. मागून कुणीतरी ओरडलं, तिने ऐकलं नाही.

दुकानात यतीश काउंटरमागे उभा होता, चेहरा चुन्यासारखा. दोन होडीवाले होडीच्या पंख्याची पाती बघत होते. आणि आतल्या बाकावर त्यांची आई बसली होती, पान चघळत. तुळूत आईला अप्पे म्हणतात. या अप्पेची दुपार रोज मुलाच्या दुकानातच जायची.

"ये, अक्का, बस. सरबत मागवू?"

"पडदा फिरव इकडे."

"कसला पडदा? बंद आहे तो. नेट नाही सकाळपासून..."

ती काउंटरला वळसा घालून आत शिरली आणि माऊस हलवला. पडदा उजळला. सगळ्यात वर तिचंच नाव, तिचाच फोटो. तिची सगळी माणसं एकाखाली एक. आणि उघडी चौकट सीतारामची, तिच्यात तिचीच ओळ: यतीश, वाचतोयस ना? ती बघत असतानाच खाली नवा निरोप उमटला. "काय झालं, मंजू? ठीक आहेस ना?"

होडीवाल्यांनीही तो वाचला.

"तुझ्या भल्यासाठीच केलं, अक्का," यतीश घाईघाईने म्हणाला. "परका माणूस, आज इथे, उद्या तिथे. घर तुझ्या नावावर. उद्या त्याच्या नादानं लिहून दिलंस तर? भाऊ म्हणून माझी काही जबाबदारी आहे की नाही?"

"मग तोंडावर विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंस?"

"नसतं सांगितलं!" ती एवढ्या जोरात ओरडली की बाहेर मासे साफ करणारे हात थांबले. "नसतंच सांगितलं! न सांगायचा माझा हक्क होता, मूर्खा! माझे दवाखान्याचे रिपोर्ट वाचून कुठलं घर वाचवत होतास तू? तुझ्या बायकोला ते वाचून दाखवताना कुठली जबाबदारी पार पडत होती?"

"शोभाने नुसतं एकदा..."

"मंजूबाई, सार वाढा! तेव्हा घर धोक्यात होतं का रे?"

एक होडीवाला मध्ये पडला. "जाऊ द्या, अक्का. भाऊ आहे. घरातली गोष्ट घरात."

जलजाक्षी त्याच्याकडे वळली आणि हात पुढे केला. "तुमचा फोन द्या बघू इकडे. थोडा वेळ. बहिणीसारखीच वाचते, काळजी करू नका."

त्याचा हात आपोआप खिशावर गेला. मग तो आणि त्याचा सोबती पातं तिथेच टाकून बाहेर पडले.

"आवाज कमी कर," अप्पे बाकावरून म्हणाली. "बाजार ऐकतोय."

"बाजारानं ऐकलंच आहे, अप्पे. मंदिरात, तसबिरीसमोर ऐकलं." जलजाक्षी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. "तू ऐकलास तो ऑडिओ?"

अप्पेने पानाचा चोथा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. तिने यतीशकडे पाहिलं. मग म्हणाली, "असल्या गोष्टी परक्या पुरुषाला सांगतात का?"

यतीशने फोन चोरून वाचला, तो राग शब्दांत मावत होता. हा मावत नव्हता. पोटच्या पोरीला हुंदके देताना या बाईने ऐकलं होतं, नवऱ्याने पाठ फोडली हे ऐकलं होतं, आणि तिच्या मनात आलं ते एवढंच: हे सांगितलं कुणाला?

तिने फोन काढला, ती एक ओळ दाबली आणि 'बाहेर काढा' म्हटलं. संगणकावरची तिची सगळी माणसं एका क्षणात पुसली गेली. उरला तो ठिपक्याठिपक्यांचा चौकोन.

तिथून ती सरळ पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या फौजदारबाईंनी फोटो पाहिला, सगळं ऐकलं आणि सुस्कारा टाकला. "सख्ख्या भावावर? बाई, विचार करा. घरातला मामला आहे."

"चोर घरातला असला म्हणजे चोरी होत नाही का, मॅडम?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग कागद पुढे ओढला. तक्रार लिहिली गेली. दुकानातला संगणक पोलिसांनी उचलून नेला, तेव्हा सगळं बंदर बघायला जमलं. कुळातल्या वडीलधाऱ्यांनी निरोप धाडले. मोठे मामा स्वतः येऊन दम देऊन गेले. जलजाक्षीने त्यांना चहा दिला, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि त्यांचं बोलून होईपर्यंत गप्प राहिली. मग "नाही" एवढंच म्हणाली. फोनचं कुलूप, ईमेलचा पासवर्ड, सगळं तिने बदललं होतं. हर्षिणीने फक्त कुठे दाबायचं ते दाखवलं, आणि अक्षरं टाइप करायची वेळ आली की स्वतःहून तोंड फिरवलं. त्या साध्या तोंड फिरवण्याने जलजाक्षीला रडू आलं.

लिडविनकडे जायला मात्र तिला धीर लागला. लिडविन ताटव्यात कळ्या खुडत होती. जलजाक्षीने सगळं सांगितलं, हात जोडले. लिडविनने खुडणं थांबवलं नाही.

"मी 'जाऊ दे' म्हटलं की तू सुटलीस. मी कशी सुटणार? अजून बायका मी आले की आवाज हळू करतात. माझ्याकडून फुलं घेतात, पण दोन शब्द बोलत नाहीत. 'तिच्या पोटात राहत नाही' म्हणे."

"मी काय करू, सांग."

"जिथे बोललीस तिथे बोल."

दुसऱ्या दिवशी, बाजार भरात असताना, जलजाक्षी त्याच जागी उभी राहिली आणि त्याच आवाजात बोलली: लिडविनने काही केलं नव्हतं, माझ्या भावाने माझा फोन वाचला, आणि मी चुकीच्या बाईला शिवी दिली. टोपल्यांवरच्या बायकांनी माना वळवून पाहिलं. लिडविन गजरा गुंफत राहिली. "ऐकलं," एवढंच म्हणाली, वर न बघता.

सीतारामचे निरोप येत होते, पण कसे! 'आपली प्रकृती ठीक असावी. मेळा सध्या कुंदापूरकडे आहे.' सरकारी पत्रासारखे. तिने फोन करून विचारलं, तर म्हणाला, "काय करू? लिहायला बसलो की वाटतं, पाठीमागे उभं राहून कुणीतरी वाचतंय." संगणक निघाला होता, पासवर्ड बदलले होते, पण यतीश अजून तिथेच होता, दोघांच्या मध्ये. हे कुठल्या कलमात बसतं, असं तिला फौजदारबाईंना विचारावंसं वाटलं. सीतारामला ती एवढंच म्हणाली, "मग लिहू नका. मी येते कुंदापूरला, दिवसाउजेडी. समोर बसून बोला." पलीकडे तो पहिल्यांदा जरासा हसला.

ती निघायच्या आदल्या दिवशी अप्पे दारात आली. एकटीच, उन्हातून चालत. वर न येता ओट्यावरच बसली.

"तक्रार मागे घे, जलजा. यतीशला कोर्टात उभं करणार का तू? दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही त्याच्या."

"नाही घेणार."

"माझ्यासाठी."

जलजाक्षी दाराच्या चौकटीत उभी होती. "त्या ऑडिओत मी काय सांगितलं होतं, अप्पे?"

"आता ते कशाला?"

"तू ऐकलंस ना? मग सांग. काय सांगितलं होतं मी?"

अप्पे पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "दामोदर मारायचा म्हणून."

"कशानं?"

"जलजा..."

"कशानं, अप्पे?"

"दोरखंडानं." तिने पदराचं टोक सोडून दिलं. "ओल्या."

"कुठे?"

अप्पेने समोरच्या माडाच्या बुंध्याकडे पाहिलं. तिच्या तोंडात आज पान नव्हतं. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, दाराजवळ आली आणि हात लेकीच्या पाठीकडे नेत म्हणाली, "दाखव मला."

जलजाक्षी एक पाऊल मागे सरली.

"नाही," ती म्हणाली. "ते कुणाला दाखवायचं, ते मी ठरवीन."

अप्पेचा हात तसाच हवेत राहिला. मग तिने तो खाली घेतला, चपला पायात सरकवल्या आणि आली तशी उन्हातून निघून गेली. जलजाक्षीने ती वळणाआड जाईपर्यंत वाट पाहिली आणि दार लावून घेतलं.